पंपाला पंचामृत

पोळ्याच्या दिवशी बैलाला पहिली पुरणपोळी मिळाली म्हणून बैलावर रुसणारा माणूस आमच्या इंदापूर तालुक्यात एकच झाला. तो म्हणजे निरवांगीचा सावळाराम मिस्त्री. "आता मोट हाय कुठं? हिरीचं पानी माझं इंजन उपसतंय, आन् पोळी ह्याला!" असं म्हणून तो गोठ्याकडे पाठ करून जेवायला बसे.

कुणाला तपकीर लागते, कुणाला तमाशा लागतो. सावळारामला मत्सर लागे, तोही सकाळच्या चहाच्या आधी. हे व्यसन त्याला लहानपणीच जडलं होतं. थोरल्या भावाला गोवर आला आणि सगळं घर भावाच्या उशाशी जमलं, तेव्हा हा अंगणात उघड्या अंगानं उन्हात बसून राहिला आणि लालबुंद होऊन, "मला बी आलाय," म्हणत आत गेला. स्वतःच्या लग्नात, लोक नवरदेवापेक्षा ताशेवाल्याकडं जास्त बघतात म्हणून मांडवातच त्याचं तोंड उतरलं होतं. बायको चंद्राबाई तेव्हा म्हणाली होती, "आवं, ताशा वाजतोय म्हणून बगत्यात. तुमी बी वाजा, तुमच्याकडं बगतील." तिला काय कल्पना, की हा माणूस पुढं जन्मभर वाजणार आहे!

हात मात्र सोन्याचा. विहिरीवरचं तेलाचं इंजिन बिघडलं की कळंबपासून निमगावपर्यंत माणसं त्यालाच बोलवायला यायची. सोलापूरच्या रस्त्याला, इंदापुरात, एका लिंबाच्या झाडाखाली त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे झाड, एक पत्रा आणि पत्र्याखाली सावळाराम. तिथं तो राजा होता आणि तसाच राहिलाही असता. पण चंद्राबाईला एक भाऊ होता.

ह्या महिपतीला पाना धरायला सावळारामनंच शिकवलं. महिपती पुढं मुंबईला गेला, एका मोठ्या वर्कशॉपात राहिला आणि परत आला तो डिझेलची विद्या घेऊनच. बारामतीत स्टेशनाजवळ त्यानं दुकान टाकलं. दुकानाला चार भिंती होत्या, भिंतीवर पाटी होती, आणि महिपतीच्या अंगात निळा बॉयलर सूट होता. ह्या सुटाला इतके खिसे होते की सावळारामनं एकदा ते चोरून मोजायचा प्रयत्न केला आणि मध्येच महिपती वळल्यामुळं हिशेब चुकला. त्याची रुखरुख त्याला वर्षभर होती.

चंद्राबाईच्या मनात काही नसे. भाकरी थापता थापता ती सहज म्हणे, "आमचा महिपती लई शिकला बगा. टरकाचा पंप उघडतो म्हणं, घड्याळावानी." भाकरी तव्यावर फुगायच्या आधी सावळाराम फुगे.

सन छप्पन-सत्तावन्नच्या सुमाराची गोष्ट. कळंबच्या मानसिंगराव बागाईतदारांनी डिझेलचा ट्रक घेतला. हंगाम सुरू झाला की ह्या ट्रकनं ऊस कारखान्यावर न्यायचा, असा बेत होता. कळंब म्हणजे चंद्राबाईचं माहेर, म्हणजे महिपतीचंही गाव. सावळाराम तिथला जावई. ट्रक गावात आला तेव्हा दोघांनीही मानसिंगरावांच्या ओसरीवर चपला झिजवल्या. गाडीचा मिस्त्री कोण, हा सवाल चावडीपर्यंत गेला. शेवटी दसरा तोंडावर आला तेव्हा मानसिंगरावांनी निकाल दिला.

"हे बग सावळाराम, तू गावचा जावई. पयला मान तुजा. दसऱ्याला गाडी शिलंगणाला न्यायची हाय. तुज्या हातानं गाडी शीव वलांडून गेली, तर हंगामभर तूच मिस्त्री. बॉनेटला दुसऱ्याचा हात लागायचा न्हाय."

"आन् न्हाय गेली तर?" सावळारामनं विचारलं.

उत्तर ड्रायव्हर कुंडलिकनं दिलं. "तर बारामतीचा हायच की, मिस्त्री."



अष्टमीला दुपारी सावळाराम कळंबला हजर झाला. त्यानं ट्रक धुतला, पुसला, चालवून पाहिला आणि मानसिंगरावांच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून बंद केला. तेवढ्यात मानसिंगरावांच्या मातोश्री दगडाबाई काठी टेकत आल्या. ट्रकभोवती एक प्रदक्षिणा घालून त्या म्हणाल्या, "का रं सावळ्या, उद्या खंडेनवमी. बैलाला ववाळायचं तर कपाळ असतंय. ह्या धुडाचं कपाळ कुठलं, आन् ह्याचा जीव कुठं असतोय?"

सावळाराम नुसता "इंजनात" म्हणाला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण कुंडलिक मध्येच बोलला, "आई, महिपती मिस्त्रींनी मागं मला दावलं हुतं. ह्या पंपात असतोय जीव."

"दावलं?" सावळाराम उसळला. "वरनं दावलं आसंल! म्या आतनं दावतो!"

आणि त्यानं पंपाच्या कुशीवरचं झाकण खोललं. आत एका ओळीत स्प्रिंगा उभ्या होत्या आणि त्यांच्या अंगाला लागून एक दातेरी दांडी आडवी पडली होती.

"हा बगा, आई. ही दांडी म्हंजे गाडीचा जीव. ड्रायवरनं पाय दाबला की ही सरकती. सरकली की डिझेल जातंय. गाडी बंद केली की ही अशी मागं जाऊन निजती. ही अडली, की गाडी नुसतं लोखंड."

दगडाबाईंनी पंपाला हात जोडले. त्या जोडलेल्या हातांचा अर्थ त्या वेळी कुणाच्याच लक्षात आला नाही.

आता झाकण परत लावावं की नाही? पण सावळारामला वाटलं, उद्या पूजेला सगळं गाव येणार. महिपतीही येणार. पूजेच्या पाटावर आपले पाने असे मांडावेत की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. त्यानं पंपाचं झाकण चिंचेनं आणि राखेनं घासघासून आरशासारखं केलं, आपल्या पान्यांच्या मधोमध पाटावर ठेवलं आणि उघड्या पंपावर धुतलेलं फडकं बांधलं. खंडेनवमीला हत्यार पूजेला बसलं की दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा आपल्याकडचा रिवाज. झाकणही हत्यारांतच बसल्यामुळं त्यालाही रिवाज लागू झाला. पाट मांडून सावळाराम त्याच संध्याकाळी आपल्या दुकानाची पूजा करायला इंदापूरला निघून गेला.

दसऱ्याच्या सकाळी तो चंद्राबाईला घेऊन परत आला. उत्तरपूजा झाली. त्यानं झाकण उचललं, फडकं सोडलं, आणि आत बघणार तोच वेशीकडून निळा बॉयलर सूट येताना दिसला. दसऱ्याच्या दिवशी गाव नवं धोतर नेसतं, पागोटं घालतं, आणि हा गडी बॉयलर सूट घालून आला होता! सावळारामची नजर त्या खिशांवर खिळली आणि हातांनी आपोआप झाकण लावून स्क्रू आवळले.

"सेल्फ मार रं, कुंडलिक!"

खुर्र... खुर्र... खुर्र. ट्रक खोकला आणि गप्प झाला.

"परत मार!"

खुर्र... खुर्र. बॅटरीनंही हाय खाल्ली.

सावळारामनं टाकी पाहिली, नळी पाहिली, नळीतली हवा काढली. सगळं ठीक होतं. मग त्यानं पंपाचा लिव्हर ओढून पाहिला. दांडी जागची हलत नव्हती. झाकण खोललं, तर आत काळपट, चिकट, मेणचटलेलं काहीतरी.

"जुनं आईल धरलंय," तो म्हणाला आणि त्यानं रॉकेल मारलं. दांडी ढिम्म. आणखी रॉकेल मारलं. शेडमध्ये असा वास सुटला की आपट्याची पानं घेऊन आलेली माणसं शिलंगण विसरून नाकं धरू लागली. पण दांडीनं काही दाद दिली नाही.

महिपती इतका वेळ खिशात हात घालून उभा होता. किती खिशांत, कुणास ठाऊक. शेवटी तो मवाळपणे म्हणाला, "दाजी, म्या बगू का?"

दाजींनी आणखी एकदा रॉकेल मारलं.

"बगू दे की त्याला, सावळाराम," मानसिंगराव म्हणाले. "शिलंगणाची येळ टळत आली."

सावळाराम बाजूला झाला, पण दूर गेला नाही. मडगार्डला कोपर टेकून तो मेहुण्याच्या हाताशी असा उभा राहिला की महिपतीला पाना फिरवताना दोनदा त्याच्या पोटाला ढोसावं लागलं. महिपतीनं आपली पेटी उघडली. पेटीत हिरवी मखमल होती आणि मखमलीत अवजारं तान्ह्या बाळासारखी निजली होती. चंद्राबाई शेजारणीला म्हणाली, "पेटी बगितली का गं? देवाच्या मूर्ती ठिवाव्यात तशी हत्यारं हायत." ते सावळारामनं ऐकलं. ते त्याच्यासाठी म्हटलेलं नव्हतं, म्हणून त्याला जास्त लागलं.

महिपतीनं डिझेलनं धुऊन पाहिलं. मग पेट्रोल आणवलं. मग हातोडीच्या लाकडी मुठीनं हलकेच ठोकलं. दांडी तशीच. महिपतीच्या बॉयलर सुटाला घामाचे डाग पडू लागले, तसतशी सावळारामला दसऱ्यालाच दिवाळी भेटू लागली. पण ती दिवाळीही त्याला सुखानं भोगता येईना. महिपतीनं दांडी सोडवली तर हंगाम गेला, आणि नाही सोडवली तर शिलंगण गेलं, म्हणजे पुन्हा हंगाम गेलाच. मेहुणा हरावा आणि गाडी सुटावी, असं एकदम कसं व्हावं? त्यासाठी कोणत्या देवाला नवस करायचा? सावळारामनं एवढंच केलं की महिपतीच्या बोटांवरची नजर काढली नाही. तो पापणी न हलवता बघत राहिला. कुठं चुकतोय, कुठं घसरतोय, कुठं हात थरथरतोय, ते सगळं त्याला मोजून घ्यायचं होतं.

आणि म्हणूनच त्याला त्या मुंग्या दिसल्या.

मडगार्डवरून एक बारीक तांबडी रांग चढत होती, पंपाच्या पोटाखालून वळसा घेत होती आणि पंपाच्या उघड्या तोंडाशी येऊन थांबत होती. रॉकेलच्या वासानं पुढच्या मुंग्या तोंड फिरवायच्या, मागच्या त्यांना ढकलायच्या. एवढा वास मारतोय, तरी परत जायला एकही तयार नव्हती.

सावळाराम मनात म्हणाला, मुंगीला डिझेलची गोडी कधीपासून लागली?

तेवढ्यात महिपतीनं पाना खाली ठेवला. "मानसिंगराव, हे हितलं काम न्हाय. पंप काढून मुंबईला धाडाया लागंल. दिवाळी झाल्यावर येईल."

मानसिंगरावांचा चेहरा पडला. मंडळी आपट्याची पानं चुरगाळू लागली. आणि सावळारामनं काय करावं? त्यानं पंपात बोट घातलं, बाहेर काढलं आणि सगळ्या गावासमोर चाटलं.



"मिस्त्री," कुंडलिक घाबरून म्हणाला, "बरं हायसा न्हवं?"

सावळारामनं जीभ टाळ्याला लावून चव घेतली. रॉकेल होतंच. पण रॉकेलच्या मागं आणखी एक जुनी, ओळखीची चव होती.

"गोड हाय," तो म्हणाला. मग मान वळवून ओरडला, "अगं ए! आत चुलीवर आधण आसंल. तांब्याभर कडत पानी आन!"

"पानी?" महिपतीनं दोन्ही हात पसरले. "दाजी, याड लागलं का? डिझेलच्या पंपात पानी म्हंजे इख!"

"आन् काकवीचं भांडं तू रॉकेलनं घासतोस का रं? मुंबईला काय शिकला?"

चंद्राबाई वाफाळता तांब्या पदरानं धरून आली. नवऱ्यानं हात पुढं केला. ती थबकली आणि भावाकडं वळून म्हणाली, "महिपती, देऊ का रं?"

सावळाराम पुढं सांगत असे, त्या क्षणी तांब्यातलं पाणी जास्त गरम होतं की माझं डोकं, ते सांगता येणार नाही. नवरा पाणी मागतोय आणि परवानगी भावाची! त्यानं तांब्या हिसकून घेतला आणि पंपाच्या कुशीत धार सोडली. तपकिरी पाणी खळकन खाली आलं. त्यात दुधाचे कण होते, दह्याची कवडी होती, एक तुळशीचं पान होतं. सावळारामनं दुसरी धार सोडली, तिसरी सोडली आणि अंगठ्यानं दांडी रेटली.

दांडी थोडी कुरकुरली आणि मग साबण लावलेल्या हातातली बांगडी सरकावी तशी अलगद सरकली.

गलका झाला. पण महिपती म्हणाला, "थांबा! कुणी सेल्फ मारू नगा." त्यानं पंपाच्या तळातलं पाणी मिसळलेलं तेल काढलं, कुंडलिकच्या सायकलचा पंप घेऊन कोपरान् कोपरा फुंकून कोरडा केला, नवं तेल घातलं, दांडीला बोटानं तेल चोळलं. "न्हायतर चार दिसांत गंज धरला असता, दाजी."  हेही आपल्याला का सुचलं नाही, ह्या विचारात दाजी होते.

बॅटरी तर बसलेलीच, म्हणून बैलजोडी लावून ट्रक ओढला, कुंडलिकनं गियर टाकून क्लच सोडला आणि ट्रक असा दणाणून उठला की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं थेट निरवांगीच्या दिशेनं उडाली.

"पन मला एक सांगा," मानसिंगराव म्हणाले, "पंपात काकवी शिरली कशी?"

सगळे एकमेकांकडं बघू लागले. दगडाबाईंनी काठी आपटली.

"शिरली कशी म्हंजे? म्या घातली! काल पहाटं, मानसं जमायच्या आधीच, पूजेला पंचामृताची आंगुळ घातली. मध सरला हुता, म्हणून गेल्या सालच्या गुऱ्हाळाची काकवी हुती ती घातली चांगली वाटीभर. आता मला सांगा, आंगुळ जिवाला घालायची का चाकाला? आन् जीव कुठं असतोय ते ह्या सावळ्यानंच मला उघडून दावलं हुतं. झाकान बी ह्यानंच काढून पाटावर ठिवलेलं. म्या आपलं फडकं सारलं आन् घातली आंगुळ."

 आधी कुंडलिक हसला, मग गाव हसलं. सावळाराम पाटावरच्या पान्यांकडं बघत उभा राहिला. त्याला वाटलं, ट्रक पुन्हा बंद पडावा, निदान हसणं तरी लोकांचं बंद होईल.

"आता रं?" मानसिंगराव मिशीला हात लावत म्हणाले. "गाडी अडिवली बी ह्यानंच, सोडिवली बी ह्यानंच. आता मिस्त्री म्हणायचा कुणाला?"

ह्या ठिकाणी महिपतीला एक वाक्य पुरलं असतं. उघडा पंप ठेवून जाणारा मिस्त्री, एवढं तो म्हणाला असता तरी हंगाम त्याचा होता. पण तो पेटी बंद करता करता म्हणाला, "मानसिंगराव, ज्याच्या हातानं गाडी सुटली त्यो मिस्त्री. म्या तर पंप मुंबईला धाडीत हुतो. दाजींनी चाटून वळखलं. आमच्या वर्कशॉपात पंप तपासायची लाख यंत्रं हुती, पन चाटणारा मानूस नव्हता."

"ठरलं तर," मानसिंगराव म्हणाले. "हंगामभर सावळाराम. पन मिस्त्री, झाकान पूजंला बशिवायचं न्हाय."

सावळाराम जिंकला. त्यानं खुशीत यावं की नाही? पण तो चंद्राबाईला हळूच म्हणाला, "बगितलंस? मोठेपना बी ह्यानंच घेतला!"

ट्रक शिलंगणाला निघाला. पुढं केबिनमध्ये कुंडलिक, मानसिंगराव, दगडाबाई आणि, पाहुणा म्हणून, महिपती. मिस्त्रीला मात्र फुटबोर्डवर उभं राहावं लागलं, कारण पंपाचा आवाज ऐकत जाणं हे मिस्त्रीचं काम. धूळ खात, पंपाकडं कान लावून, झेंडूच्या माळा तोंडावर आपटून घेत सावळारामनं शीव ओलांडली, आणि सगळा वेळ तो काचेतून मेहुण्याच्या गादीकडं बघत होता.

शिवेवर चंद्राबाईनं त्याच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. "सोनं घ्या. महिपती इचारत हुता, दाजींना त्या मुंग्या दिसल्या कशा? एवढी मानसं हुती, कुणालाच न्हाय दिसल्या."

"नजर लागती त्याला."

"व्हय की. माझ्या भावाच्या हातावर नजर लावूनच उभं हुता तुमी. पापनी सुदिक हलत नव्हती." ती हसली. "बरं झालं, तुमी जळता ते. न्हायतर गाडी गेली असती का आज?"

 पुढं बरेच दिवस सावळाराम हे वाक्य स्वतःच्या सोयीनं लोकांना सांगत असे. चांगला मिस्त्री जळका असावा लागतो, असं त्याचं मत झालं.

हंगाम उतरणीला लागला तेव्हा बारामतीहून एक बातमी आली. बंद पडलेला पंप आला की महिपती आता आधी बोट घालतो आणि चाटून बघतो, आणि गिऱ्हाइकं म्हणतात, काय मिस्त्री आहे! सावळारामनं ताट बाजूला सारलं.

"माझी इद्या! माझी इद्या चोरली त्यानं!"

चंद्राबाईनं परातीतला गोळा थापत त्याच्याकडं पाहिलंही नाही. "चाटतोय तर चाटू द्या की. पन त्याला कळतंय व्हय, काय गोड आन् काय तेलकट? तुमच्यावानी जीभ त्याला कुठली?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. त्या दिवशी भाकरी आणि सावळाराम, दोघं एकदमच फुगली.